ही इच्छा कोणाची?

(धायरी येथे वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



धारेश्वराच्या गावात ख्रिस्ती चिंतनावर बोलायला मला बोलावलंत, याचं मला कौतुक वाटतं. समोर बसलेल्यांत ख्रिस्ती मंडळी मोजकीच असणार. त्यामुळे आज प्रवचन करायचं नाही असं ठरवून आलो आहे. सवय मात्र जुनी आहे. मध्येच तो सूर लागला तर पुढच्या रांगेतल्यांनी बिनधास्त हात वर करावा.

पत्रिकेवर तीन गोष्टी छापल्या आहेत. त्यागमय प्रेम, प्रार्थना आणि देवाच्या इच्छेचा स्वीकार. हे तिन्ही शब्द इतके गुळगुळीत झालेत की त्यांच्यावर तासभर बोलता येतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगाला काहीही लागत नाही. शिवाय त्यांचा आणखी एक उपयोग होतो, तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. त्याग कर, असं आपण कोणाला सांगतो? बहुधा घरातल्या बाईला. प्रार्थना कर, असं कोणाला सांगतो? ज्याच्या अडचणीत आपल्याला पडायचं नसतं त्याला. आणि देवाची इच्छा म्हणून सोडून दे, हे कोणाला? ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं तोंड बंद राहिलेलं बरं, त्याला. तेव्हा हे शब्द हाती घ्यायचे तर ज्या माणसानं त्यांची पुरेपूर किंमत मोजली त्याच्याकडून घ्यावेत.

म्हणून आज मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलणार आहे. त्या काही लांबच्या नाहीत. त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव आपल्याच जिल्ह्यात, दौंडच्या लाइनवर. दौंडकडे रेल्वेनं गेलेल्यांनी ती पाटी वाचली असेल. त्याहून जवळचा धागा सांगतो. आपल्या सिंहगड रस्त्यावरून नदीपलीकडे पाहा, तिथं कर्वेनगर आहे, म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांचा विधवाश्रम तिथं उभा राहिला. अण्णांनी १८९३ साली ज्या विधवेशी लग्न केलं, त्या गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे, या रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि रमाबाईंचं ऋण विसरल्याही नाहीत. 'माझे पुराण' वाचलं असेल त्यांना हे माहीत आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. फेब्रुवारी १८८२ मध्ये रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. रमाबाईंचं वय तेवीस. पदरात मनोरमा, अजून वर्षाची व्हायची होती. त्या काळी रमाबाईंना भेटायला आलेल्या शंभरांतल्या नव्याण्णवांनी काय सांगितलं असेल? दैवाचा भोग आहे, देवाची इच्छा आहे, कोपऱ्यात बस. रमाबाई बसल्या नाहीत. पुढे १९२१ च्या जुलैमध्ये तीच मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात, केडगावचा सगळा भार पुढे जिनं घ्यायचा ती. या वेळी रमाबाईंनी मान खाली घातली आणि देवाची इच्छा स्वीकारली. बाई तीच. मग पहिल्या वेळी नकार आणि दुसऱ्या वेळी होकार, हे कसं?

वयानं माणूस थकतो, असं उत्तर कोणी देईल. मला ते पटत नाही. थकलेली माणसं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या भाषांतराची प्रुफं तपासत नाहीत.

आता थोडं मागे जाऊ. अनंतशास्त्री डोंगरे हे रमाबाईंचे वडील. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजानं धारेवर धरलं. गंगामुळाच्या रानात त्यांनी आश्रम थाटला. १८५८ साली रमाबाई तिथं जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडत राहिलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं, आणि मद्रास इलाख्यातला मोठा दुष्काळ अंगावर आला. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण कृष्णाबाई गेली. रमाबाईंनी नंतर या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सगळं संपल्यावर वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं. देवाची मर्जी दिसते, तर तसंच होऊ दे. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो.

पाहा, एवढ्या विद्वान घरात हा विचार शेवटी आला. पोथ्या होत्या, व्याकरण होतं, हजारो श्लोक तोंडपाठ होते; माती उचलायची मात्र लाज होती. ती लाज म्हणजे जातीचा अभिमान, असं रमाबाईंनी पुढे उघड कबूल केलं. मरणाला तयार असणं त्या घरात सोपं होतं. टोपली उचलणं अवघड होतं. आणि त्या मरणालाच ईश्वरेच्छेचं नाव मिळणार होतं!

रमाबाईंची या विषयातली पहिली शाळा ही. देवाच्या नावानं जे समोर येतं ते सगळं देवाचं असेलच असं नाही. काही वेळा ते आपल्या अभिमानाचं असतं, काही वेळा शेजाऱ्यांच्या सोयीचं.

आमच्या बायबलात ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोब सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात, आणि तो राखेत बसतो. मित्र समाचाराला येतात. पहिले सात दिवस ते गप्प बसतात, आणि तेवढंच त्यांचं चांगलं. मग तोंड उघडतात आणि त्याला देवाची इच्छा समजावून सांगू लागतात. तुझं काही चुकलं असेल. देव उगाच शिक्षा करत नाही. मुकाट्यानं मान्य कर. ईयोब मान्य करत नाही. तो देवाशी भांडतो, खुलासा मागतो, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो. शेवटी देव बोलतो, तेव्हा रागावतो कोणावर? मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा त्याचा आशय. दुःखात असलेल्या माणसाला ईश्वरेच्छा समजावायला जाणाऱ्या प्रत्येकानं हे पुस्तक एकदा शेवटापर्यंत वाचावं. आम्हा पाळकांनी तर आधी वाचावं.

आणि हे फक्त आमच्याकडे आहे असं समजू नका. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी विठ्ठलाशी जेवढं भांडण काढलं तेवढं दुसऱ्या कोणी काढलं असेल का? आपण मात्र त्यांचे शरणागतीचे अभंग वेचून घेतो आणि भांडणाचे मागे ठेवतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलावर भांडणाचे दगड बरेच आहेत, हे टिळकांना ठाऊक होतं.

तर १८८२ साल. रमाबाई पुण्यात आल्या. १ जूनला आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच वर्षी शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली आणि बायकांसाठी बाई शिक्षक हवेत, बाई डॉक्टर हवेत असं ठणकावून सांगितलं. वैधव्य ही देवाची इच्छा असेल तर असो; पण विधवेनं अडाणी राहावं, उपाशी राहावं, डोकं भादरून कोपऱ्यात बसावं ही इच्छा कोणाची? हा फरक त्यांनी केला. नवऱ्याला पटकीनं नेलं, ते परत फिरवता येत नव्हतं. बाकी सगळं माणसांनी लादलेलं होतं आणि माणसांना काढता येत होतं.

मला वाटतं, इथं एक कसोटी हाती लागते. कोणी आपल्याला देवाची इच्छा सांगू लागला की हळूच विचारावं: ही इच्छा कोणाच्या सोयीची आहे?

ही कसोटी रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही सोडली नाही. लोक इथं चुकतात. त्यांना वाटतं, बाईंनी सनातन्यांविरुद्ध बंड केलं आणि मग विलायतेला जाऊन मेमसाहेबांपुढे मान तुकवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, हे खरं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांतला त्यांचा आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनचा पत्रव्यवहार वाचा. तो छापून आलेला आहे. काय भांडण आहे! सिस्टर म्हणतात, तुझ्यात गर्व आहे, आज्ञा पाळायला शीक. रमाबाईंचं म्हणणं, ब्राह्मण पुरोहितांचं जोखड मानेवरून काढलं ते दुसऱ्याचं घालायला नव्हे. देवाची आज्ञा पाळीन, पण पाळकाचा प्रत्येक शब्द देवाचा आहे असं मानणार नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं, म्हणून यांचा सवाल: संस्कृत का नको? चेल्टनहॅमला शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांना ते मंजूर नव्हतं. रमाबाईंनी त्यावरही वाद घातला.

ज्यांनी आसरा दिला, मुलीला सांभाळलं, शिकण्याची सोय केली, त्यांच्याशी हा वाद. उपकारांच्या ओझ्याखाली असताना नाही म्हणणं किती जणांना जमतं?

आता प्रार्थनेकडे वळतो. आमच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेचा प्रसंग आहे. येशूला अटक व्हायची त्या रात्रीचा. ख्रिस्ती लोकांना देवाच्या इच्छेवर बोलायचं असलं की ते हाच प्रसंग काढतात, आणि बहुतेक वेळा अर्धाच सांगतात. येशूनं पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली, हे सांगतात. त्याआधी काय झालं ते भराभर उरकतात. त्याआधी तो घाबरला होता. मरणप्राय दुःखी झालो आहे, असं त्यानं मित्रांना सांगितलं. माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनंती केली. आणि देवाजवळ स्पष्ट मागितलं की हे टळण्यासारखं असेल तर टाळ. एकदा नाही, तीनदा. हे मित्र, म्हणजे पेत्र, याकोब आणि योहान, तेवढ्यात झोपी गेले होते. दर वेळी तो परत येऊन बघायचा तर हे झोपलेले. (यावर आम्ही चर्चमध्ये हसत नाही. हसायला हवं. इतकी खरी गोष्ट कोणी बनवून लिहील का?)

म्हणजे स्वीकार आला तो मागण्याच्या नंतर आला. आपण मुलांना उत्तरार्ध पाठ करायला लावतो आणि पूर्वार्धाची लाज बाळगतो. देवाजवळ मागणं म्हणजे श्रद्धा कमी, असं काही भाविकांना वाटतं. मग येशूची श्रद्धा कमी होती का? ज्यानं मागितलंच नाही, त्यानं स्वीकारलं तरी काय? त्यानं फक्त काही वाटून घ्यायचं टाळलं. प्रार्थनेत माणसानं खरं बोलावं, एवढी तरी अट असावी.

रमाबाईंची प्रार्थना अशी मागणारी होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसायच्या आणि खोलीचं दार उघडं ठेवायच्या. मुली हळूहळू आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखे हितचिंतकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

आमच्या मंडळींना ही गोष्ट छळाची म्हणून सांगायची सवय आहे. मला ती इतकी एकतर्फी वाटत नाही. माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही, हे रमाबाईंचं म्हणणं मला कळतं. तो त्यांचा श्वास होता. पण तटस्थतेच्या शब्दावर विसंबून ज्यांनी विधवा मुलगी परक्या घरी धाडली, त्यांनाही काही म्हणायचं होतं. जिच्यावर सगळं अवलंबून आहे तिचं दार उघडं असलं, की ते नुसतं दार राहत नाही. रानडे काही धर्मवेडे नव्हते. चांगली माणसं दोन्ही बाजूंना होती आणि ती दुरावली. सदन मात्र मोडलं नाही. सगळे सोडून गेल्यावर माणूस देवाशी काय बोलतो, ते त्या वर्षी रमाबाईंना नव्यानं शिकावं लागलं असेल.

रमाबाईंचं काम पुढे केडगावला गेलं, आणि तिथली प्रार्थना जगभर गाजली. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याचं नाव आजही पेंटेकॉस्टल चर्चच्या इतिहासात घेतलं जातं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या, पापं कबूल करायच्या. तिथल्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीला पोहोचली आणि तिथल्या नव्या चर्च-चळवळीला तिनं चालना दिली. दौंड तालुक्यातून चिली! पत्ता नीट लिहिलेला असला की टपाल कुठंही जातं.

पण मला स्वतःला त्या आवाजापेक्षा तिथल्या विहिरी जास्त बोलक्या वाटतात. प्रार्थना संपली की त्याच मुली कामाला लागत. शेती होती, विहिरी खणल्या जात होत्या, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना होता. मनोरमेनं ब्रेल शिकून आंधळ्या मुलींची शाळा चालवली. श्रीनिवासानं दुष्काळात मजुरी करतो म्हटलं होतं, ते त्याची बहीण विसरली नव्हती. केडगावात पंडितांच्या मुलीनं टोपलीला प्रतिष्ठा दिली.

आता त्यागमय प्रेम. याची सुरुवात रमाबाईंच्या बाबतीत लंडनजवळच्या फुलहॅममध्ये झाली. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं सिस्टर सांभाळत होत्या, आणि आपुलकीनं सांभाळत होत्या. अशा बायकांना प्रेमानं वागवणारं ठिकाण रमाबाईंनी तोवर पाहिलेलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. परक्या जातीची, पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. गोष्ट ऐकून रमाबाई हलल्या. केडगावातलं कृपा सदन त्या दिवसाचं फळ आहे. अशा बायकांसाठीच ते होतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. पैसा नव्हता. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या जणींना शहरात ठेवायची सोय नाही. म्हणून केडगावच्या माळावर आधीच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या आणि राहुट्या उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. दोन हजार. आज आपल्याकडे एका घरात चार जणांचं वेळापत्रक जमवताना नाकी नऊ येतात.

याच काळात, १८९७ मध्ये, पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची जी दुर्दशा होत होती, तिच्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. गव्हर्नर चिडले. प्रश्न पार्लमेंटापर्यंत गेला. राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं, देणग्या देणारेही तिकडचेच होते. बाईंनी त्याची फिकीर केली नाही. प्रेम फक्त पोसण्यात असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या पत्राची आठवण ठेवावी.

मघाशी मी म्हटलं, की त्यागाची किंमत मोजलेल्या माणसाकडून हे शब्द घ्यावेत. आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. एकानं त्याग केला की किंमत पुष्कळदा दुसरंच कोणी मोजतं. केडगावच्या मुलींचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरक्या मुलीला निवड होती का? जिनं भाकरी दिली तिचा देव तिला आपला वाटणारच. हे प्रेम खरं होतं यात मला शंका नाही. पण देणाऱ्याचा हात वर होता, हेही खरं. ख्रिस्ती माणसानं हे स्वतःहून बोलावं. दुसऱ्यानं विचारेपर्यंत थांबू नये.

किंमत कोण मोजतं, याचं दुसरं उदाहरण नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. टिळकांच्या दृष्टीनं ती देवाची हाक होती, सर्वस्व सोडणं होतं. पण सोडलं कोणाला? लक्ष्मीबाईंना. पुढची काही वर्षं त्या बाईंनी माहेरी-सासरी जे काढलं, ते 'स्मृतिचित्रे'त त्यांनी इतक्या हसतखेळत सांगितलं आहे की वाचताना आपणही हसतो आणि मग घशाशी येतं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोही त्यांनी आपल्या वाटेनं, सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडून स्वीकारला. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. संन्यास टिळकांनी घेतला. पगार घराचा बंद झाला. टिळकांचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण नवऱ्याच्या औदार्याचा हिशेब जुळवणाऱ्या बाईचं प्रेम त्यागमय नव्हतं का? हिंगण्यात बायांनीही तेच केलं. अण्णांची कमाई संस्थेला, घर बायांच्या अंगावर. मेल्यावर पुतळे मात्र एकाच बाजूचे उभे राहतात.

आणि तरी मला लक्ष्मीबाईंना बिचारी म्हणवत नाही. मे १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि त्याचा मोठा भाग त्यांच्या हातून झाला. तुटपुंज्या अक्षरओळखीवर सुरुवात करून महाकाव्य! हे काम त्यांच्यावर कोणी लादलं नव्हतं. लादलेला त्याग आणि आपखुशीनं घेतलेला, यांतला फरक बाहेरून दिसत नाही. ज्याचं त्याला तो कळतो.

आता पुन्हा १९२१. इतका वेळ मी जे सांगितलं ते मनात ठेवून या प्रसंगाकडे पाहा.

मनोरमा विलायतेत आणि अमेरिकेत शिकून आली होती. आईबरोबर राबत होती. गुलबर्ग्याला तिनं मुलींची शाळा काढली. हृदयाचं दुखणं जडलं आणि २४ जुलैला ती गेली. रमाबाईंना तोवर ऐकूही जवळजवळ येत नव्हतं. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. त्या वेळी रमाबाईंनी ते स्वीकारलं, असं जवळच्यांनी सांगून ठेवलं आहे. आकांत नाही, तक्रार नाही.

हा स्वीकार मला मान्य करावासा वाटतो, कारण तो फुकटात आलेला नाही. वैधव्याच्या नावाखाली माणसांनी जे लादलं ते त्यांनी नाकारलं. चर्चच्या नावाखाली जे लादलं तेही नाकारलं. सरकारचंही. नाकारता येण्यासारखं, बदलता येण्यासारखं जे जे होतं त्याच्याशी चाळीस वर्षं झुंज दिली. मागायचं ते मागून झालं, करायचं ते करून झालं. त्यानंतर समोर जे उरलं, त्यात कोणाची सोय नव्हती, कोणाचा फायदा नव्हता, कोणा माणसाची सही नव्हती. त्याच्यापुढे त्यांनी मान वाकवली. तेवीस वर्षांच्या मुलीला कोणी हीच मान वाकवायला लावली असती, तर ती फक्त मोडली असती.

आणि मान वाकवून त्या काय करत बसल्या? प्रुफं तपासत. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सुमारे अठरा वर्षं चालवलं होतं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला लागलेल्या बाईला कळेल असं साधं मराठी त्यांना हवं होतं. पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी ज्या संस्कृतासाठी दिली, ते संस्कृत त्यांनी इथं मुद्दाम बाजूला ठेवलं. खिळे जुळवायच्या केडगावच्याच मुली, छापायच्याही त्याच. अखेरच्या दिवसांत रमाबाईंनी देवाकडे दहा दिवसांची मुदत मागितली, शेवटची पानं तपासून होईपर्यंत, अशी एक आख्यायिका सांगतात. ती शब्दशः खरी आहे का, या वादात मी पडत नाही. पण ती त्यांना शोभते. मरणाच्या दारातही मागणं चालूच! ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. काम संपलं होतं. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

एक गोष्ट राहिली. इतक्या कष्टांचं हे भाषांतर आमच्या चर्चमधून रुळलं नाही. रविवारी उपासनेत वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. रमाबाईंची प्रत अभ्यासकांच्या कपाटात सापडेल. ज्या खेड्यातल्या बाईसाठी अठरा वर्षं घातली, तिच्या हाती ती फारशी पोहोचली नाही. सोसायटीकडे पैसा होता, वाटपाची व्यवस्था होती, सवयीचं बळ होतं. मग हीदेखील देवाची इच्छा म्हणायची, की आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा आळस? मी सांगितलेली कसोटी इथं लावून पाहिली, तर उत्तर आमच्या बाजूनं येत नाही.

वेळ झाली आहे. मागच्या बाजूनं दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एक १८९३ बद्दल आहे, दुसरी केडगावच्या बाप्तिस्म्यांबद्दल. दुसरी जास्त कठीण आहे, ती आधी घेतो.